आटली म्हणजे खरी

टिपणीसकाका आधी कापडाला भेटायचे आणि मग माणसाला.

आमची पहिली भेट सिडनीतल्या केलीव्हिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये झाली, मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात. मी मंडळाची सेक्रेटरी. म्हणजे खुर्च्या मांडण्यापासून उरलेलं श्रीखंड कोणाच्या डब्यात घालायचं इथपर्यंत सगळी हमाली माझ्याकडे. दारात अत्तरदाणी घेऊन उभी होते. एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ समोर आले. ना नमस्कार ना चमत्कार. माझ्या खांद्यावरच्या स्टोलचं टोक त्यांनी सरळ चिमटीत धरलं, अंगठ्याने चोळलं आणि म्हणाले, "व्हिस्कोज."

"पश्मिना आहे काका," मी म्हटलं. "दिल्लीहून आणलीय."

"असं दुकानदार म्हणाला असेल. बरं, कशी आहेस तू?"

मला असा राग आला म्हणता! सणाचा दिवस, नवाकोरा स्टोल, आणि हा कोण कुठला माणूस? तेवढ्यात त्यांच्या मागून एक ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची बाई पुढे आली. शैलाकाकू, त्यांची बायको. "मनावर घेऊ नकोस गं," ती म्हणाली. "आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती ना, तेव्हा यांनी पलीकडून आधी अंतरपाट चोळून बघितला. मग मला."

"भेसळ होती त्यात," काका म्हणाले. अंतरपाटात की काकूत, ते काही बोलले नाहीत.

काका टेक्स्टाइल इंजिनीअर. सगळी नोकरी ठाण्याच्या एका कापड कंपनीत गेली, टेरीकॉट आणि सूटिंग विणण्यात. निवृत्त झाल्यावर दोघं लेकीकडे, मेधाकडे, केलीव्हिलला आले आणि तिच्या घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहू लागले. इथलं सगळं त्यांना आवडायचं. लायब्ररी आवडायची, डोक्यावर झडप घालणारे मॅग्पाय पक्षीसुद्धा आवडायचे. फक्त 'नो वरीज' या दोन शब्दांशी त्यांचं वैर होतं. दुकानात काउंटरवरचा पोरगा म्हणायचा, "नो वरीज, मेट." काका थांबून त्याला सांगायचे, "बट आय हॅव." पोरगा गोंधळायचा, मागची रांग गोंधळायची आणि मी ट्रॉलीआड तोंड लपवायची. "अगं, वरी नाही म्हणजे काय?" ते मला बाहेर आल्यावर विचारायचे. "काळजी नसेल तर काम नीट होईल कसं?"

त्यांच्याकडे एकच शाल अशी होती की जिला ते शाल म्हणायचे. मरून रंगाची, साधी, वेलबुट्टीचं नाव नाही. काठाला बारीकशी झालर, बस. श्रीनगरच्या एका विणकराच्या घरात हातमागावर विणलेली पश्मिना. ती काकूंची. काकूंच्या खांद्यावर असली की असायची, नाहीतर काकांच्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली, चार लवंगांसकट. प्लॅस्टिकमध्ये कधीही नाही. लोकर गुदमरते म्हणायचे.

एकदा मंडळात मी त्यांचं भाषण ठेवलं, 'पश्मिना कशी ओळखावी'. काकांनी काकूंच्या बोटातली अंगठी काढून घेतली आणि ती शाल त्यातून अलगद ओढून काढली. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. काकांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या, पुढच्या रांगेतल्या एका बाईंची नायलॉनची ओढणी मागून घेतली आणि तीही त्याच अंगठीतून सुळकन ओढली. "आता सांगा," म्हणाले. सगळे आपापल्या ओढण्या-शाली चाचपायला लागले.

"उजेडासमोर धरा," ते म्हणाले. "हातमागाची वीण कुठेतरी जराशी सैल पडते, कुठे घट्ट होते. विणणारा मध्येच चहाला उठतो, पोराला हाक मारतो, परत येऊन बसतो. तो परत बसतो ना, ती जागा दिसते. यंत्र चहाला उठत नाही."

मी ती शाल उजेडासमोर धरून बघितली. मला काही दिसलं नाही. पण हातातून खाली ठेवायला जीव होईना, एवढं मात्र झालं. वजन असं नाहीच. आणि थोड्या वेळाने तळहातच गरम झालेत असं वाटतं, शाल नव्हे. तोवर मला पश्मिना म्हणजे नुसता श्रीमंतांचा नखरा वाटायचा. लोक या कापडासाठी का वेडे होतात, ते त्या दिवशी थोडंसं कळलं.

आता या शालीची गोष्ट. ती त्यांनी मला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा वेगळी. पहिल्यांदा सांगितली ती अशी. कंपनीने त्यांना तरुणपणी श्रीनगरला पाठवलं होतं, पश्मिन्याचं सूत यंत्रमागावर चालतं का ते बघायला. चरख्यावर हाताने काढलेलं ते सूत इतकं नाजूक की यंत्राचा एक झटका बसला की तुटलंच. तोडगा एकच होता. त्यात नायलॉन मिसळायचं म्हणजे सूत ताण सोसतं, आणि कापड विणून झालं की ते ॲसिडमध्ये बुडवून नायलॉन विरघळवून टाकायचं. शाल दिसायला तीच, पण लोकरीचा जीव निम्मा गेलेला. "मी साहेबांना सांगितलं, होईल, पण करू नये," काका म्हणाले होते. मला केवढा अभिमान वाटला होता त्यांचा!

दुसऱ्यांदा, काही महिन्यांनी, गाडीत बसल्या बसल्या ते सहज म्हणाले, "ते यंत्र मीच बसवलं. फर्स्ट क्लास चाललं."

मी गाडी जवळजवळ फुटपाथवर घातली. "काका, तुम्ही तर नाही म्हणाला होता ना?"

"म्हणालो होतो," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

त्यांच्या घरी पोचल्यावर मी काकूंना गाठलं. ती मेथी निवडत होती. "दोन्ही खरं आहे गं," ती म्हणाली. "आधी नाही म्हणाले. मग साहेबांनी परत विचारलं, तेव्हा केलं. आणि येताना माझ्यासाठी ही घेऊन आले. पुरुष काहीतरी करून आला की बायकोसाठी काहीतरी आणतोच." एवढं बोलून ती मेथीच्या काड्या वेगळ्या करू लागली. हा माणूस चांगला, शहाणा, की नुसता घाबरट, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

पुढे काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्दांची उलटापालट झाली. खिडकीला चमचा म्हणायची, मेधाला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. सगळे उपाय करून झाले आणि शेवटी तिला जवळच्या एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषाकेंद्रात, ठेवावं लागलं. काका रोज सकाळी जायचे आणि आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, परत यायचे. आणि मग कोविड आला. एज्ड केअरची दारं बंद झाली.

त्या दिवसांत कोणालाच काही कळत नव्हतं. मास्क नको, मग हवा. पाच माणसं चालतील, मग दोन, मग वीस. काका रोज मला फोन करून विचारायचे, "आजचा नियम काय गं?" जणू काही मीच राज्याची प्रीमियर! मी टीव्हीवर बघून सांगायची, आणि संध्याकाळपर्यंत तो बदललेला असायचा. भेट फक्त व्हिडिओ कॉलवर. एक नर्स फोन धरायची आणि पलीकडून काकू म्हणायची, "थंडी." सगळे शब्द हरवले होते, हा एक जागेवर होता. "थंडी. माझी दे."

तिची म्हणजे ती शाल. यात कोणालाच शंका नव्हती.

पण काकांचं काही ठरेना. एज्ड केअरवाल्यांनी सांगितलं होतं की बाहेरून येणारी वस्तू प्लॅस्टिकमध्ये हवी, वरून पुसून घेता आली पाहिजे. काकांनी मन घट्ट करून ती शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. तेवढ्यात मेधा म्हणाली, "बाबा, तिथे सगळ्यांचे कपडे एकाच मशीनमध्ये जातात हं. हॉट वॉश, ड्रायर. वेगळं धुवा म्हणून सांगितलं तरी कोण लक्षात ठेवणार?" झालं. माणूस दिवसभर पिशवी मांडीवर घेऊन बसला. पाठवावी तर शाल जाते, न पाठवावी तर बायको कुडकुडते. शेवटी त्यांनी तशाच मरून रंगाची एक सत्काराची शाल पाठवून दिली, आणि खरीची पिशवी तशीच सोफ्यावर राहिली.

सत्काराची शाल म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको. आम्ही मराठी माणसं सातासमुद्रापार आलो तरी कोणी दोन मिनिटं बोललं की त्याच्या गळ्यात शाल आणि हातात नारळ. काका रांगोळीचे परीक्षक, वक्तृत्वाचे परीक्षक, उकडीच्या मोदकांचे परीक्षक. त्यामुळे त्यांच्या कपाटात जरीच्या काठाच्या ॲक्रिलिक शालींची चळत होती, सगळ्या पिशवीबंद. कारण आमच्याकडे सत्काराची शाल कोणी उघडत नाही. घडीसकट खांद्यावर टेकवायची, फोटो झाला की परत पिशवीत, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर. काका त्या चळतीकडे बघून म्हणायचे, "यांना मरण नाही."

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या अध्यक्षांच्या डोक्यात आलं की मंडळातल्या डॉक्टर-नर्सेसचा सत्कार करायचा. दारात शाल-नारळ ठेवायचा, बेल वाजवायची, लांब उभं राहून टाळ्या वाजवायच्या. नारळ वेंटवर्थव्हिलच्या इंडियन दुकानात मिळाले. शाली एरवी कोणाच्या तरी बॅगेतून पुण्याहून यायच्या, पण विमानं बंद. मी काकांना विचारलं. त्यांना आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी मी ग्रॅनी फ्लॅटच्या दाराशी गेले, काकांनी मास्क लावून सोफ्यावरचा पिशव्यांचा गठ्ठा स्वतःच्या हाताने उचलून मला दिला. "यांच्यापेक्षा नारळ महाग पडेल," म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. काकूने व्हिडिओवर ती सत्काराची शाल हातात घेतली होती, काठ चोळला होता, आणि "ही नव्हे" म्हणून जमिनीवर टाकून दिली होती. नर्सने पुन्हा पांघरली, तिने पुन्हा टाकली. तेव्हा काकांनी ठरवलं, लाँड्री गेली खड्ड्यात, खरी पाठवायची. सोफ्यावर उरलेली मरून पिशवी उघडली, तर आत जरीचा काठ.

"स्नेहा, माझी शाल कुठे गेली गं?"

ज्या माणसाने अंतरपाटातली भेसळ पकडली, त्याने स्वतःच्या घरातली एकुलती एक पश्मिना सत्काराच्या ढिगात वाटून टाकली होती. का? कारण पिशवी होती. पिशवीतली शाल उघडायची नसते, हे इतक्या वर्षांत त्यांच्याही अंगात मुरलं होतं.

मग पुढचे तीन आठवडे मी फोन लावत सुटले. "कुठली शाल? हां हां, ती! बघते गं, गॅरेजमध्ये असेल." एकीने ती आणखी कोणाच्या गृहप्रवेशाला देऊन टाकली होती, तिथेही फोन केला, तर ती हिरवी निघाली. अध्यक्ष म्हणाले, "ऑनलाइन नवीन मागवू ना, त्यात काय!" हे मी काकांना सांगितलं नाही.

शेवटी राहिली मृणाल, आमची तरुण डॉक्टर. तिला टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली होती आणि सत्कारानंतर लगेच, क्वीन्सलंड राज्याची बॉर्डर बंद व्हायच्या जेमतेम आधी, ती तिकडे पोचली होती. फोनवर काकांनाही घेतलं.

"अय्या, ती शाल!" मृणाल म्हणाली. "काका, ती तुमची होती? मला वाटलंच, मंडळ एवढी चांगली शाल कधीपासून द्यायला लागलं! टूवूंबात इतकी थंडी असते मला कोणी सांगितलंच नव्हतं. घरात हीटर धड नाही, इथे मी कोणाला ओळखत नाही. शिफ्टवरून आले की मी तीच घेऊन पडायची. पण काका... मागच्या आठवड्यात एक पेशंट सस्पेक्ट होता. मी घरी आले आणि घाबरून घरातलं जे दिसेल ते हॉट वॉशला टाकलं. ड्रायरला पण. नंतर त्याची टेस्ट निगेटिव्ह आली."

मला वाटलं, लाइन कट झाली.

"केवढी राहिली?" काकांनी विचारलं.

"बाळाच्या दुपट्याएवढी."

"जाड झाली? घोंगडीसारखी?"

"हो काका. सॉरी काका. मी..."

"मग खरीच ती," काका म्हणाले. "ॲक्रिलिकला काही झालं नसतं. आटली म्हणजे खरी."

मृणाल हुंदके देऊन रडायला लागली. काका तिला म्हणत होते, "अगं, तुला ऊब मिळाली ना? मग?" आणि त्यांचा स्वतःचाच आवाज फुटत होता. समजूत कोणाची काढावी हे मला सुचेना.

पार्सल यायला कितीतरी दिवस लागले. आलं तेव्हा काकांनी ते उघडून मांडीवर घेतलं. मी दाराबाहेर उभी, नियमाप्रमाणे. एवढंसं, आखडलेलं, कडांना वेडंवाकडं झालेलं ते मरून फडकं. त्यांनी सवयीने ते उजेडासमोर धरलं. आता आरपार काहीच दिसत नव्हतं. चहाला उठलेला माणूस परत कुठे बसला, ती जागा मिटून गेली होती.

"त्या यंत्रावरच्या किती शाली मी ॲसिडमध्ये घातल्या, स्नेहा," ते म्हणाले. "ही एक तेवढी नीट राहावी असं वाटत होतं. म्हणून पाठवत नव्हतो. शैला थंडीत बसली आणि मी शाल जपत बसलो."

मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा, ते मला माहीत नाही.

त्यानंतर पुन्हा तेच. पाठवू की नको? तिने ओळखली नाही तर? हीदेखील खाली टाकली तर? "तिच्याकडे आता ओळखायला फार काही उरलेलं नाही गं," ते म्हणाले. "हिलाही तिने 'ही नव्हे' म्हटलं, तर मग मी काय करू?" दोन दिवस हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, ती शाल आता आणखी बिघडणार आहे का? मग द्या ना! लाँड्रीची भीती तरी गेली!"

ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

मेधाला मीटिंग होती म्हणून मीच त्यांना घेऊन गेले. एज्ड केअरच्या मागच्या बागेतून खिडकीपाशी उभं राहायची परवानगी होती. वारा असा झोंबत होता की बोलायची सोय नाही. घाईत काका स्वेटर विसरले होते. माझ्या गाडीच्या डिकीत सत्काराची एक शाल उरली होती, जरीच्या काठाची. मी ती पिशवी फोडून त्यांच्या अंगावर टाकली. एरवी त्यांनी मला हाकलून दिलं असतं. त्या दिवशी त्यांचं लक्षच नव्हतं.

काचेपलीकडे नर्सने काकूंची व्हीलचेअर आणली. दुसऱ्या हातातला फोन स्पीकरवर होता, माझ्या हातातलाही. आम्ही रिसेप्शनवर दिलेलं ते आटलेलं फडकं तिने काकूच्या खांद्यांवर ठेवलं. दोन्ही खांदे झाकतील एवढंही ते राहिलं नव्हतं. एका बाजूने घसरायला लागलं. काकूने चांगला असलेला डावा हात वर केला. तिने कड चिमटीत पकडली, अंगठ्याने चोळली, पुन्हा चोळली. अगदी काकांसारखी.

"ही," ती म्हणाली.

तिला खरंच कळलं होतं का? की नुसतं ऊबदार काहीतरी हाताला लागलं म्हणून म्हणाली? मी यावर पुष्कळ विचार केलाय, मला सांगता येणार नाही. काकांना विचारायचं मनात होतं, पण पुढच्या महिन्यात नोकरीसाठी मी पर्थला गेले, तिकडची बॉर्डर बंद होऊन बसली, आणि काका गेल्याची बातमी मला फोनवरच कळली. त्यामुळे माझ्यासाठी ते त्या खिडकीशीच उभे राहिलेत.

त्या दिवशी काकू मग काचेतून काकांच्या अंगावरच्या जरीच्या काठाकडे बघत होती. तिने नाक मुरडलं. "हे काय पांघरलंय?" असं अख्खं वाक्य ती बोलली. काका एकदम ओशाळले, घाईघाईने ती शाल काढून त्यांनी माझ्या हातात कोंबली, आणि तशा वाऱ्यात नुसत्या शर्टावर उभे राहिले.

नर्सने फोन जवळ घेतला. "मिस्टर टिपणीस, इट्स सो लव्हली अँड वॉर्म. हाऊ डू वी वॉश इट? इज इट स्पेशल?"

काकांनी काचेला हात टेकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"एनी वे यू लाइक," ते म्हणाले. "नो वरीज."